मागच्या फळीवरची चीर

शर्यतीची ही छोटी बोट चालवायला एक माणूस पुरतो, पण सुटायला दोन लागतात. तरंगत्या धक्क्याला पाठ लावून सगळ्या बोटी एका ओळीत उभ्या करतात, इंजिनं बंद. चालवणारा आत बसतो. दुसरा माणूस धक्क्याच्या कडेवर गुडघे टेकतो आणि वाऱ्यानं बोटीचं तोंड फिरू नये म्हणून तिची मागची कड दोन्ही हातांनी धरून ठेवतो. समोरच्या खांबावरचा लाल दिवा विझला की आतल्यानं बटण दाबायचं आणि मागच्यानं सोडायचं. मागच्याचं काम तेवढंच. बक्षिसं वाटताना त्याचं नाव घ्यायची पद्धत नाही.

टर्नरनं हे काम सतरा वर्षं केलं. पंपाच्या कारखान्यात टर्नर म्हणून लेथवर आठवडाभर उभं राहायचं आणि रविवारी धाकट्या भावाची बोट धरायची. लग्न केलं नाही. का, असं कोणी विचारलं की तो म्हणायचा, ‘रविवार मोकळा नसतो.’ धाकटा त्याला दादा म्हणायचा म्हणून धक्क्यावरचे सगळेच दादा म्हणत. धाकटा बडबड्या, हसरा, चारचौघांत उठून दिसणारा. दादा बोटीच्या शेपटाशी.

बोट तेरा फुटी. दोन बाजूंना दोन लांब, अरुंद तरंगते आणि मधे पोकळी. वेग वाढला की या पोकळीत हवा कोंडते आणि बोट उचलून धरते. मग पाण्याला टेकलेली असतात फक्त तरंगत्यांची मागची टोकं आणि इंजिनाचा पंखा. हवा बेताची असेल तोवर ही बोट म्हणजे नुसतं सुख. हवा जास्त झाली, समोरून वाऱ्याचा झोत आला, की नाक उठतं, आणि उठलेलं नाक पुन्हा खाली येईलच असं नाही. बोट मागच्या मागे उलटते. चालवणारा तिच्याखाली.

अकरा वर्षांपूर्वी, मोसमाच्या शेवटच्या शर्यतीत धाकट्याला तिसरा नंबर पुरेसा होता. तेवढ्यावर वर्षाचा चषक त्याचा होता. आधीच्याच फेरीत एक बोट उलटली होती. माणूस वाचला, खांदा गेला. वारा पडायचं नाव घेत नव्हता. दिवा विझला, सहा इंजिनं एकदम भुंकली. पाच बोटी निघाल्या. सहावी निघाली नाही. सुरुवातीला पंखा पाणी नुसतंच घुसळतो, जोर धरत नाही, म्हणून मजबूत हाताचा माणूस तिला थोडा वेळ धरून ठेवू शकतो. टर्नरचे हात मजबूत होते. घड्याळ लावणाऱ्यानं नंतर सांगितलं, दोन सेकंद. तळव्यांची साल निघाली तेव्हा कुठे ती सुटली. पुढच्यांच्या फवाऱ्यात आंधळा होऊन धाकटा सहावा आला.

“हात चिकटले होते का तुझे?” धाकटा बोटीतून उतरायच्या आधीच ओरडला.

“मागच्या फळीला चीर दिसली. इंजिन फळीसकट उपटून गेलं असतं.”

“चीर? सकाळी मी स्वतः पुसलीय ती फळी!”

“तू पुसलीस. मी बघितली.”

“सतरा वर्षांत पहिल्यांदा मी जिंकत होतो, दादा. आणि नेमकी आजच तुला चीर दिसली.”

“उघडून बघ की मग फळी.”

“बघायचंय काय त्यात? तुला ज्याची धरायचीय त्याची धर. माझ्या बोटीला हात लावू नकोस.”

चाळीसेक माणसं ऐकत होती. कोणी मधे पडलं नाही.

धाकट्यानं बोट घराच्या मागच्या अंगणात नेली, वर ताडपत्री टाकली आणि शर्यत सोडली. फळी त्यानं उघडली नाही. टर्नर जाऊन उघडू शकला असता, तोही गेला नाही. ताडपत्रीखाली त्यांच्या भांडणाचा निकाल तयार पडला होता आणि अकरा वर्षं दोघांनाही तो नको होता. आईच्या आजारपणात दोघे दवाखान्यात आळीपाळीनं बसले. एक आला की दुसरा उठायचा. निरोप नर्सकडून.

धक्क्यावर जाणं बंद झालं तसं त्याला दादा म्हणणारंही कोणी उरलं नाही. कारखान्यात तो टर्नर होता, शेजाऱ्यांना काका. निवृत्तीनंतर टर्नरही गेलं.

मग एका शुक्रवारी धाकट्याच्या बायकोचा फोन आला.

“भाऊजी, आम्ही मुलीकडे चाललोय. कायमचे. घर विकलंय. ती बोट भंगारवाला मागतोय. तुम्हाला हवी असली तर रविवारपर्यंत न्या.”

“तो काय म्हणतो?”

“ते काही म्हणत नाहीत. ते टीव्ही बघतायत.”

रविवारी तो भाड्याचा टेम्पो घेऊन गेला. धाकटा घरी नव्हता.

“दातांच्या डॉक्टरकडे गेलेत,” ती म्हणाली.

“रविवारी?”

तिनं ताडपत्रीची दुसरी बाजू धरली आणि म्हणाली, “जपून, आत उंदीर असतील.”

उंदीर होते. बसायच्या जागेत त्यांनी तीन पिढ्यांचा संसार थाटला होता. डाव्या तरंगत्याचं प्लायवूड पुस्तकासारखं पानापानानं सुटत होतं. इंजिनाच्या कार्बोरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा डिंक झाला होता आणि पाण्याच्या पंपाचं रबर हातात घेताच भुगा झालं. टर्नरनं ती घरामागच्या शेडमध्ये दोन लाकडी घोड्यांवर चढवली. सगळ्यांचा अंदाज होता, म्हातारा दुरुस्त करून विकणार. त्याचा हेतू वेगळा होता. त्याला ती फळी उघडायची होती आणि चीर सापडली की तिचा फोटो धाकट्याला पाठवायचा होता. खाली एक शब्दही न लिहिता.

तरी फळी त्यानं शेवटी ठेवली. काम नाकाकडून शेपटाकडे न्यायचं असतं, असं त्यानं स्वतःला सांगितलं. असा काही नियम नाही.

चार महिने लागले. कुजलेलं कापलं, नवं प्लाय वाफेवर वाकवून बसवलं, रेझिन आणि काचेचं कापड चढवलं. रेझिनचं मिश्रण वीस मिनिटांत घट्ट होतं, एकट्या माणसाला ते पुरत नाही. एक हात कापड ताणायला, एक ब्रश फिरवायला आणि तिसरा कडा दाबायला लागतो. तिसऱ्या हाताच्या जागी त्यानं जुन्या सायकलच्या ट्यूब बांधल्या. रेझिनच्या दुकानदारानं एकदा विचारलं, “किती जण आहात कामाला?”

“आम्ही दोघं,” टर्नर म्हणाला आणि पायरी उतरल्यावर थबकला. परत जाऊन दुरुस्त करण्यासारखी ती चूक नव्हती.

मग फळीची पाळी आली. जाड, दोन हात रुंद, इंजिनाचा सगळा भार घेणारी. त्यानं गरम हवेच्या बंदुकीनं रंग फुगवला आणि पत्र्यानं खरवडायला घेतलं. डाव्या बोल्टखाली ती होती. केसाएवढी, काळी, चार बोटं लांब. अगदी त्याला आठवत होती तिथे. शेडमध्ये कोणी नसताना तो मोठ्यानं म्हणाला, “बघ.”

त्यानं दिवा जवळ आणला, पत्रा आणखी एकदा फिरवला. रंगाचा पापुद्रा सुटून आला आणि चीर त्याच्याबरोबर आली. खाली लाकूड होतं, कोरं. त्यानं नख फिरवलं. बोल्ट काढले. हातोड्याच्या दांड्यानं फळी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ठोकली, आवाज सगळीकडे सारखा, भरीव. शेवटी जिथे चीर असायला हवी होती तिथे बारीक भोक पाडलं. भुसा कोरडा आला, फिकट, नव्या लाकडासारखा.

चीर रंगाला होती, लाकडाला नव्हती.

आणि आता आणखी एक गोष्ट आठवली. अकरा वर्षं ती कुठे दडी मारून बसली होती कोण जाणे. त्या दिवशी सकाळी इंजिनाचे बोल्ट आवळतानाही त्यानं ती रेघ पाहिली होती, अंगठा फिरवला होता, रंग आहे म्हणून सोडून दिली होती. दिवा विझला तेव्हा तो फळीकडे बघतच नव्हता. तो पाण्याकडे बघत होता, पांढऱ्या होत चाललेल्या लाटांकडे.

त्यानं भोक बुजवलं, हात धुतले, जेवला. फोटो काढला नाही.

बोट विकायला आता हरकत नव्हती. क्लबचा सेक्रेटरी गिऱ्हाईक घेऊन उभाच होता. टर्नर म्हणाला, “एक शर्यत होऊ दे.”

“चालवणार कोण?”

“मी.”

“एकसष्टाव्या वर्षी? डोकं ठिकाणावर आहे ना?”

“शेपटाकडून सतरा वर्षं बघितलीय. एकदा आतून बघतो.”

तीन रविवार सराव करून त्यानं परवाना मिळवला. अर्जात शेवटचा रकाना होता, बोट धरणाऱ्याचं नाव. तो रिकामा ठेवून त्यानं धाकट्याला फोन लावला. अकरा वर्षांतला पहिला.

“बोट तयार आहे,” तो म्हणाला. “पुढच्या रविवारी उतरवतोय.”

“बरं.”

“धरायला कोणी नाही.”

पलीकडे टीव्हीवर कोणीतरी टाळ्या वाजवत होतं. “गुडघे गेलेत माझे,” धाकटा म्हणाला. “जिना उतरतानासुद्धा कठडा लागतो.”

“दातांचं काय झालं?”

“कसल्या दातांचं?” धाकटा म्हणाला. मग बहुधा त्याला आठवलं, कारण त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला.

फळीबद्दल टर्नर बोलला नाही. ते समोरासमोर बोलायचं, असं त्यानं ठरवलं होतं. समोर यायला धाकटा तयार नव्हता. संपलं.

शर्यतीच्या दिवशी नोंदणीच्या टेबलावरची बाई अर्ज उलटसुलट करत म्हणाली, “धरणाऱ्याचं नाव?”

“येतोय तो.”

“‘येतोय’ हे नाव नाही झालं, काका. अकरापर्यंत सही लागेल, नाहीतर बोट बाहेर.”

कोणी येत नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं. तरी पावणेअकरापर्यंत तो फाटकापाशी उभा राहिला, प्रत्येक रिक्षाकडे बघत. जुने ओळखीचे एक तर उरले नव्हते किंवा आपापल्या बोटी धरून बसले होते. फाटकावर वॉचमन होता, पन्नाशीचा, नव्यानेच लागलेला, खुर्चीत पाय ताणून चहा पीत.

“पाच मिनिटांचं काम आहे,” टर्नर म्हणाला. “बोट धरायची.”

“मला पोहता येत नाही.”

“पोहायचं नाही. धरायचं.”

“कुठवर?”

“लाल दिवा विझेपर्यंत.”

“आणि मग?”

“सोडायची.”

वॉचमननं कप खाली ठेवला. “एवढ्याला माणूस लागतो?”

धक्क्याला पाठ करून टर्नर आत बसला. हेल्मेट घातल्यावर मान वळत नव्हती. समोर पाणी होतं, खांब होता, दिवा होता. मागचं काहीच दिसत नव्हतं. वॉचमननं नीट धरलंय की खिशातली काडेपेटी शोधतोय, कळायला मार्ग नव्हता. धाकटा सतरा वर्षं असाच बसला होता आणि एकदाही त्यानं विचारलं नव्हतं, ‘धरलंस ना?’

वारा त्या दिवशीसारखाच होता.

दिवा विझला. त्यानं बटण दाबलं, इंजिन भुंकलं आणि बोट निघाली. बस, निघाली. मधे काहीही नव्हतं.

पहिलं वळण त्यानं सगळ्यात बाहेरून, लाज वाटावी इतकं हळू घेतलं. दुसऱ्या वळणानंतर वारा समोर आला, पोकळी भरली, पाण्याचे धक्के थांबले आणि नाक उठलं. समोरचं पाणी दिसेनासं झालं, नुसतं आभाळ. त्यानं गॅस सोडला. नाक जरा विचार केल्यासारखं थांबलं आणि खाली आलं. नंतर त्यानं वेग वाढवलाच नाही. एका बोटीचं इंजिन बंद पडल्यामुळे तो सहांत पाचवा आला.

धक्क्यावर वॉचमन पँटचे गुडघे झटकत होता.

“नेमकी सोडलीत,” टर्नर म्हणाला.

“विझला, सोडली. का, चुकलं काही?”

“नाही. वारा होता ना, म्हणून म्हटलं.”

“होता की. पण मी धक्क्यावर होतो,” वॉचमन म्हणाला आणि आपल्या खुर्चीकडे गेला.

बोट ट्रेलरवर ओढून झाल्यावर, बाकीच्या गाड्या निघून गेल्यावर त्यानं फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला गेला.

“पाचवा आलो,” तो म्हणाला.

“कितीत?”

“सहांत.”

“घराण्याची परंपरा राखलीस,” धाकटा म्हणाला. “धरली कोणी?”

“वॉचमननं.”

“वेळेवर सोडली?”

“दिव्याबरोबर.” टर्नरनं ट्रेलरचा पट्टा आवळला, सैल केला, परत आवळला. “लाकूड साबूत होतं. मी उघडून बघितली फळी. चीर रंगाला होती.”

टीव्हीचा आवाज बंद झाला.

“मग धरून का ठेवलीस?”

“घाबरलो होतो. ती रेघ नंतर आठवली.”

“हे कळलं कधी तुला?”

“महिना झाला.”

“म्हणजे परवा फोन केलास तेव्हा माहीत होतं.”

“हो. तू आला असतास तर सांगणार होतो.”

“तू सांगितलं असतंस,” धाकटा म्हणाला, “तर मी आलो असतो, दादा.”

टर्नरनं पट्टा परत सैल केला. धाकट्यानं विचारलं, “नाक उचललं?”

“दुसऱ्या वळणानंतर.”

“मग?”

“गॅस सोडला.”

“मी नसता सोडला,” धाकटा म्हणाला. जेवायला बोलावतायत, असं सांगून त्यानं फोन ठेवला.

वॉचमन फाटकाचं एक दार लावून दुसऱ्यापाशी उभा होता.

“चला, काका. लावायचंय.”