एजंटकाका आणि सड्यावरचं विमान

एजंटकाका कुणालाही नुसतं 'या' म्हणत नसत. आलात तर तुम्हाला काय मिळेल, ते आधी सांगत. लग्नाचं बोलावणं करायला गेले तरी मांडवात पंखा लावलाय आणि जेवणात सुरमई आहे, एवढं सांगूनच उठायचे. मालवणच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावात आगबोट थांबायची त्या काळी ते तिकिटांचे एजंट होते. आगबोट केव्हाच बंद झाली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यांच्या बायकोलासुद्धा सगळे एजंटीणकाकी म्हणत.

मी स्वतः त्यांनीच आणलेली. गावातल्या हायस्कूलात शिक्षक टिकत नव्हते, एक पाऊस काढला की बदली मागत. मी सावंतवाडीला बी.एड. होऊन नुकतीच घरी बसले होते. एक दिवस पांढरा सदरा घातलेले, धोतर नेसलेले, छत्री काखेत मारलेले हे गृहस्थ आमच्या ओसरीवर येऊन बसले आणि वडिलांना म्हणाले, "तुमच्या चेडवाक खोली देतंय. एक वरीस भाडा नाय. बाव दारात, पाण्याक खंय जावक नको. आयतवाराक ताजी मासळी घरपोच. वरीसभर रवान बगांदे. नाय आवाडला तर मीच एसटीत बसवन देतलंय." वडील माझ्याकडे बघायला लागले. मला भूगोल शिकवायचा होता आणि मासळी आवडत होती. वर्ष संपलं तेव्हा भाडं द्यायची वेळ आली आणि ते मी आनंदाने दिलं, कारण तोवर मला ते गाव सोडवत नव्हतं.

हीच त्यांची रीत होती. सोमवारचा बाजार त्यांनीच उभा केलेला. बाहेरून येणाऱ्या नव्या विक्रेत्याला सुरुवातीचे काही बाजार जागाभाड्याची पट्टी माफ आणि वडाच्या सावलीतली जागा, असं त्यांनी पंचायतीकडून कबूल करून घेतलं. सरपंच त्यांचे लहानपणापासूनचे सवंगडी आणि तितकेच जुने विरोधक. ते भर सभेत ओरडले, "फुकट बसवलंस तर तेंका सवय लागात!" काका शांतपणे म्हणाले, "सवय तेंका न्हय, गिऱ्हाइकांका लागतली. मगे पट्टी घे, कोण नको म्हणता?" आणि झालंही तसंच. वर्षभरात सोमवारी वडाखाली पाय ठेवायला जागा नसायची आणि पट्टी मागितल्यावर एकही विक्रेता उठून गेला नाही.

वस्तीची एसटीही अशीच आली. रात्रीची शेवटची गाडी गावात मुक्कामाला राहावी, म्हणजे सकाळी तालुक्याला लवकर जाता येईल, असा अर्ज पुष्कळ गावांनी केला होता. काकांनी अर्ज केलाच नाही. त्यांनी देवळाजवळ एक खोली सारवून घेतली, दोन खाटा टाकल्या, चूल मांडली आणि डेपोत निरोप धाडला, की ड्रायव्हर-कंडक्टरांना पहाटे आंघोळीचं कढत पाणी आणि रात्री गरम भात मिळेल. मग त्या खेपेसाठी ड्रायव्हरच आपसात भांडायला लागले. मला या माणसाचं जे कौतुक वाटायला लागलं ते तिथपासून, आणि ते कौतुक वाढत वाढत अचंब्यापर्यंत गेलं ते विमानामुळे.

आमच्या गावाच्या वर सडा आहे, जांभ्या दगडाचं उघडं पठार. त्यावर कुणा जुन्या जमान्यात सपाट केलेली एक धावपट्टी होती. तिच्यावर गुरं बसत आणि बायका मिरच्या वाळवत. ऐंशीच्या दशकात लहान लहान गावांना जोडणारी लहान विमानं सुरू झाली आणि तशा एका कंपनीचे साहेब आमची पट्टी पाहायला येणार असल्याची बातमी आली. सगळ्यांनी ती हसण्यावारी नेली. काका मात्र त्या दिवसापासून नीट जेवेनात.

त्यामागचं कारण गावाला ठाऊक होतं. काकांचे थोरले भाऊ, दादा, मुंबईला गोदीत कामाला होते. तिथे वरून पेटी पडली आणि त्यांच्या पाठीचा कणा दुखावला. त्यांना फार वेळ ताठ बसवायचं नाही, हिसका बसू द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आगबोट होती तोवर ते डेकवर आडवे पडून गावी येत. ती बंद झाली आणि दादांचं येणंच संपलं. एसटीचा रात्रभराचा प्रवास त्यांना झेपणारा नव्हता, घाट तर नाहीच, आणि आमची रेल्वे तेव्हा भाषणांतच धावत होती. परळच्या खोलीत पडल्या पडल्या ते एकच विचारत, गावच्या घरासमोरच्या माडाला यंदा नारळ किती. मरण यावं ते त्या माडाखाली यावं, एवढंच त्यांना हवं होतं. विमानाने मुंबईहून आमचा सडा तासाभरावर येणार होता.

साहेब आले. धावपट्टी पाहून झाल्यावर काकांच्या ओसरीवर सोलकढी पीत म्हणाले, "जागा छान आहे हो, पण इथे विमानाला माणसं कुठून मिळणार?" काका साहेबलोकांशी पुस्तकी मराठी बोलत. म्हणाले, "साहेब, रिकामं विमान गेलं तर नुकसान तुमचं, ही तुमची भीती. तर निम्म्या खुर्च्या आमच्या. माणूस बसो न बसो, त्यांचं भाडं गाव भरेल. पट्टी साफ ठेवणं आमच्याकडे, वैमानिकांचं जेवणखाण आमच्याकडे. उतरण्याची सरकारी फी पहिला हंगाम माफ व्हावी म्हणून मी जिल्ह्याला जाऊन बसतो. एक हंगाम भीती आमच्या अंगावर टाका. लोकांना सवय लागली की पुढे तुम्हीच आम्हाला सोडणार नाही."

साहेबांनी पेला खाली ठेवला आणि एका हंगामापुरता होकार दिला. आता मोठमोठ्या विमानतळांच्या बातम्या येतात, नव्या कंपनीला उतरण्याची फी माफ केली, खुर्च्यांची हमी दिली, जाहिरातीचा खर्च वाटून घेतला. त्या वाचताना मला दरवेळी ती ओसरी दिसते आणि हे सारं या माणसाला कुणी शिकवलं असेल, या विचाराने थक्क व्हायला होतं. शिकवलं कुणीच नव्हतं. आयुष्यभर ते येणाऱ्याच्या मनात शिरून बघत आले होते, इतकंच.

हमीसाठी पैसे हवे होते. काकांनी आंबेवाल्यांना, काजूवाल्यांना आणि मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाला गाठलं आणि सगळी वर्गणी ग्रामदैवत रवळनाथाच्या देवळात, गाऱ्हाणं घालून, म्हणजे देवाला गावादेखत साकडं घालून गोळा केली. देवासमोर नारळ ठेवून गावाचे मानकरी हात जोडून म्हणाले, "बा देवा म्हाराजा, तुझ्या लेकरांनी ही वर्गणी तुझ्या पायाकडे ठेवली आसा, ती गोड मानून घे आणि विमान गावाक येवंदे!" आणि सगळा गाव गरजला, "होय म्हाराजा!" पुढचा सगळा घोटाळा मात्र याच गाऱ्हाण्यातून झाला.

पाऊस सरला आणि विमान आलं. पहिल्या दिवशी सड्यावर एवढी गर्दी लोटली, की साहेब हरखूनच गेले. "एवढे प्रवासी!" ते म्हणाले. काकांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "साहेब, हे पोचवायला आलेत." आमच्याकडे एक माणूस मुंबईला निघाला की अख्खी वाडी पोचवायला येते, हे साहेबांना कसं कळावं? त्या दिवशी सडाभर माणसं होती आणि विमानात शिरले ते एक काजूवाले, त्यांची पत्नी आणि कोर्टाच्या कामाला निघालेले एक वकील.

पुढेही तेच. विमान यायचं, गाव टाळ्या वाजवायचा आणि विमान जवळजवळ रिकामं जायचं. हमीचे पैसे कंपनीला पोचत होते, पण साहेबांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, "पैसे मिळतात हो, पण रिकाम्या खुर्च्या बघून आमचे वरचे लोक मधेच सेवा बंद करतील." काकांचा चेहरा उतरला. मी त्यांना म्हटलं, "काका, आधी दादांना आणून घ्या. उद्या बंद पडलं तर?" ते म्हणाले, "बाईनु, वाडपी सगळ्यांच्या मागसून जेवता. गावाच्या पैशार पयलो माजोच भाव इलो, तर उद्या वर्गणी कोण देतलो?" मला त्यांचा राग आला. परळमध्ये एक माणूस वाट बघत झुरतोय आणि हे इथे वाढप्याची रीत सांभाळत बसलेत!

लोक विमानात का बसत नाहीत, हे विचारत मग काका घरोघर हिंडले. मीही सोबत होते. परवडत नाही म्हणावं, तर हमीतल्या, गावाच्या खुर्च्या अर्ध्या भाड्यात मिळत होत्या. शेवटी एका म्हातारीने खरं काय ते सांगितलं. तिचा मुलगा मुंबईला होता, त्याला भेटायची तिला आस होती. ती म्हणाली, "एजंटानु, देवाच्या पैशार बसान मी मुंबयक जाव? देव माका काय म्हणात?" काका उंबऱ्यावरच बसले. वर्गणी देवळात गाऱ्हाणं घालून घेतली, त्यामुळे लोकांच्या लेखी तो पैसा देवाचा झाला होता. गावच्या खुर्चीत बसणं म्हणजे देवाचं खाणं. ज्यांच्या खिशात पूर्ण भाडं होतं, तेही कुणी बोट दाखवेल म्हणून मागे सरत होते.

दुसरा कुणी असता तर लोकांच्या अडाणीपणावर चिडला असता. काका मात्र उठले, सरळ देवळात गेले आणि त्यांनी पुन्हा गाव जमवला. आता काय नवीन, म्हणून सरपंचही कुरकुरत आले. पुन्हा नारळ ठेवला गेला, पुन्हा मानकऱ्यांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्ये तुझे पैशे तुझ्याच लेकरांका पर्साद म्हणान वाटतंव. जो कोण घेवचो नाय, तेना तुझो पर्साद नाकारलो, असा समज." मग गाव गरजला, "होय म्हाराजा!" आता मला सांगा, देवाचा प्रसाद नाही म्हणायची छाती आमच्याकडे कुणाची आहे?

ती म्हातारी पुढच्याच फेरीला नऊवारी नेसून, पिशवीत कुळीथ आणि सुके बांगडे घेऊन विमानात चढली. मग रांगच लागली. मुंबईत बिऱ्हाड असलेल्यांच्या बायका गेल्या, आई आजारी असलेले चाकरमानी दोन दिवसांच्या रजेवर येऊन गेले. त्यांना बघून पूर्ण भाडं देणारेही आगाऊ जागा धरू लागले. वाड्यांनी पाळ्या लावून पट्टीवरची गुरं हाकली. शिमग्यापर्यंत विमानात जागा मिळेनाशी झाली. मी दर फेरीला सड्यावर जायचे आणि पुन्हा पुन्हा विस्मयाने काकांकडे बघायचे. एका माणसाने आकाशातून जाणारी वाट वाकवून आपल्या गावात आणली होती.

पण विमान भरलं आणि दादांची जागा गेली. दर वेळी कुणीतरी अधिक नडलेला निघे. कुणाला ऑपरेशन होऊन घरी परतायचं असे, कुणाला परीक्षेला गावी पोचायचं असे. काका दादांचं नाव खाली सरकवत. पाऊस जवळ आला. पावसात ते विमान येऊ शकत नव्हतं. मुंबईहून यायची शेवटची फेरी भरून गेली आणि दादांचं नाव तीत नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, "पावसामागसून बगूया." पण परळहून आलेला माणूस सांगून गेला होता, की दादांनी आता माडाचं विचारणंही सोडलंय.

शेवटच्या फेरीने सरपंच परतणार होते. मुलीकडे मुंबईला गेले होते. त्यांना घ्यायला काका शिरस्त्याप्रमाणे सड्यावर उभे होते. विमान उतरलं, शिडी लागली, एकेक जण उतरला. सरपंच काही दिसेनात. शेवटी दारात वैमानिक आले, पाठमोरे. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्याने दोन्ही बाजूंनी धरून एका वाळलेल्या माणसाला अलगद खाली आणलं. काका जागचे हललेच नाहीत. दादाच बोलले, "सरपंचान आपली जागा दिल्यान माका. तो एसटीन येता. तो म्हणालो, वाडप्याक उपाशी ठेवन आमी पंगत उठवची काय?"

काका खाली वाकले ते दादांच्या पायांवर, आणि बराच वेळ उठले नाहीत. मग चार दर्यावर्दी पोरांनी आरामखुर्ची आणली आणि दादांना त्यात निजवून, पाऊल जपत, सडा उतरवून घरी नेलं. सरपंच दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीतून उतरले, अंगभर धूळ, कंबर धरलेली. काका समोर दिसताच म्हणाले, "काय एक बोलू नको. माजी पाट मोडली हा!"

पावसानंतर विमान आलं नाही. दुसऱ्या कुठल्या तरी राज्याने सगळ्याच खुर्च्यांची हमी दिली आणि कंपनीने विमान तिकडे वळवलं, असं साहेबांनी स्वतः येऊन सांगितलं. त्यांना वाईट वाटत होतं. गाव मात्र संतापला. आम्ही उगाच वर्गणी दिली, कंपनीने फसवलं, असं जो तो बोलू लागला. काका म्हणाले, "फसवूक नाय. तेंका थंय जास्ती मेळला. तेंच्या जागेर मी असतंय तर मीव थंयच गेलो असतंय."

मलाच सहन होईना. संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. दादा माडाखाली खाटेवर निजून होते आणि काका वाटीतून त्यांना पेज भरवत होते. मी म्हटलं, "काका, एवढं सगळं केलंत, आणि विमान गेलं हो." त्यांनी चमचा दादांच्या ओठांना लावला, तोंड पुसलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "विमान जावंदे, बाईनु. दादा रवलो."