शेंदराचा नंबर

आमच्या इमारतीत कोणी घराला नवा रंग दिला की पाहायला सगळ्यांत आधी तानाजीभावजी येतात. बोलावलं तरी येतात, नाही बोलावलं तरी येतात. दारात उभं राहून चष्मा कपाळावर सरकवतात आणि निकाल देतात. तळमजल्यावरच्या आनंदने हौसेने हॉलला पिस्ता रंग काढला, तर हे म्हणाले, "पिस्ता? अरे, हा वाटाणा आहे. तोही शिळा." तेव्हापासून आनंदच्या बायकोला स्वतःचाच हॉल बघवत नाही.

तानाजीभावजी म्हणजे तानाजी खाडे, आमच्या समोरच्या दारातले. मूळचे साताऱ्याकडचे. मानपाड्याला एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात छत्तीस वर्षं शेड मॅचर होते. हे काय काम असतं ते मला त्यांच्या बायकोने, कलावतीवहिनींनी, एकदा समजावलं होतं. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा पाठवतं, की हुबेहूब हाच रंग पाहिजे. त्यासाठी कुठली पावडर किती मिसळायची, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवणारा माणूस म्हणजे शेड मॅचर. "आणि घरी आला की आमटीचा रंग मॅच करतो," हेही वहिनींनीच सांगितलं. काल जरा गडद होती, आज फिकी आहे, हे यांना ताटात बसल्याबसल्या कळतं. चव मागाहून.

नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत कारखान्यात मशीन आलं. कापडाचा तुकडा खाली ठेवला की ते आकडे सांगायचं. आधी भावजींना मशीनच्या शेजारी बसवलं, मग शेजारी बसायचीही गरज उरली नाही. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ घेऊन घरी आले आणि एवढंच म्हणाले, "आता म्हणावं, एकटंच बस." मशीनला म्हणाले ते.

त्यानंतर दोन वर्षं त्यांनी इमारतीतल्या भिंती आणि आमट्या यांच्यावर काढली. मग त्यांना आमचा ब्लॉग सापडला.

आमचं बायकांचं भजनी मंडळ आहे. चौकातल्या गणपतीच्या देवळात दर मंगळवारी भजन असतं. पंचवीस वर्षं हाताळून भजनाच्या वह्यांची पानं सुटली होती, आणि माघी गणेश जयंतीला मंडळाचं पंचविसावं वर्ष पुरं होणार होतं. मंडळाच्या प्रमुख विमलाबाई. पंचाहत्तरी ओलांडली, पण आवाज असा की माइकवाला आपणहून माइक लांब ठेवतो. त्या म्हणाल्या, सगळ्यांच्या हातात फोन आहेतच, तर भजनं फोनवरच दिसू देत. टायपिंग मी घेतलं. बाकीचं तानाजीभावजींनी कोणी विचारायच्या आत घेतलं.

ब्लॉग फुकटात मिळाला, पण तयार मिळाला तो असा, की वर कॉफीच्या कपाचं चित्र आणि खाली आमचं गणेशवंदन.

"देवाला कॉफी चालते का हो?" कलावतीवहिनींनी विचारलं.

"थांब जरा," भावजी म्हणाले. "आतला कोड बदलता येतो."

आणि ते शिकायला बसले. वय चौसष्ट. व्हिडिओ लावायचे, थांबवायचे, वहीत उतरवायचे, पुन्हा लावायचे. वही म्हणजे कारखान्यासारखं रजिस्टर, वर बॅच नंबर, तारीख, वेळ. केलेला प्रत्येक बदल त्यात. एक दिवस एका ओळीच्या शेवटी अर्धविराम द्यायचा राहिला, तर त्याच्याखालची सगळी सजावटच गेली. अक्षरं उघडीबोडकी, एकाखाली एक. भावजी दोन तास पानासमोर बसून होते. शेवटी वहिनी चहा ठेवायला आल्या आणि म्हणाल्या, "बाकी सगळ्या ओळींच्या शेवटी काहीतरी आहे, हिच्याच का नाही?" त्या दिवसाच्या बॅचपुढे रजिस्टरात लिहिलंय, 'दोष सापडला.' कोणाला सापडला ते लिहिलेलं नाही.

मलाही त्यातलं थोडं कळायला लागलं. मार्जिन आणि पॅडिंग यांत भावजींचा सारखा गोंधळ व्हायचा. मी म्हटलं, "पंगत आठवा. ताटाच्या कडेपासून आत भातापर्यंत मोकळी ठेवतो ती जागा पॅडिंग, आणि दोन ताटांच्या मधली जागा मार्जिन." ते माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "वहिनी, तुम्ही कारखान्यात पाहिजे होता." याहून मोठी पदवी त्यांच्याकडे नाही.

कॉफीचा कप गेला, देवळातल्या मूर्तीचा फोटो आला, अक्षरं विमलाबाईंना चष्म्याशिवाय दिसतील एवढी झाली. राहिला रंग. वरची पट्टी आणि भजनांची नावं शेंदरी हवीत, हे सगळ्यांना मान्य होतं. शेंदरी म्हणजे आमच्या देवळातल्या गणपतीचा, दुसरा कुठला नाही.

इथे भावजी खुलले. पानावरच्या रंगाला सहा अक्षरांचा नंबर असतो. पहिली दोन लाल, मधली दोन हिरवा, शेवटची दोन निळा. "तीन पावडरी!" ते म्हणाले. "बाकी नुसतं प्रमाण. छत्तीस वर्षं मी दुसरं काय केलं?" पहिल्या दिवशी त्यांनी व्हिडिओतल्या यादीतला नंबर घातला, एफएफ ६६ ००. मी रोज देवपूजा झाली की वहीत दिवसभराच्या चार ओळी लिहिते, त्यात तो, पानाच्या पांढऱ्याच्या नंबरासकट, कौतुकाने उतरवून ठेवला. मला आणि वहिनींना तो रंग बरा वाटला होता. भावजींनी मान हलवली. "पिवळट आहे. निळा पडला पाहिजे थोडा."

दुसऱ्या आठवड्यात शेवटचे आकडे ०० चे २० झाले. मग ४०. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, आणि ते ७० वर गेले. पानाचा पांढराही त्यांना मळका दिसत होता म्हणून त्यातही निळा गेला. मंगळवारी देवळात सगळ्यांनी फोन उघडले, तर पान निळीत दोनदा बुडवलेल्या धोतरासारखं आणि त्यावर गुलाबी अक्षरं.

"तानाजीराव," विमलाबाई म्हणाल्या, "गणेश जयंती आहे की कोणाच्या मुलीचं बारसं?"

"तुमच्या फोनच्या काचा, विमलाताई. त्या दोनशेवाल्या काचा लावता ना वरून, त्यांनी रंग बदलतो."

"अकराजणींच्या काचा एकदम बिघडल्या?"

भावजींनी ऐकलं नाही. मी घरून देवाचा शेंदूर तेलात कालवून वाटीतून नेला, की हा ठेवा पडद्याशेजारी. वाटीकडे बघून म्हणाले, "हल्ली शेंदूरही शुद्ध मिळत नाही, वहिनी. आणि मला वाटी कशाला? देवळातला रंग माझ्या डोळ्यांत बसलाय." कारखान्यातही ते तुकडा एकदाच बघायचे आणि मग आठवणीने मिसळायचे, याचा त्यांना फार अभिमान.

"डोळे तपासून या म्हणून गणपतीपासून सांगतेय," वहिनी आतून म्हणाल्या.

"माझे डोळे?" भावजी इतकं मनापासून हसले की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

त्या हसण्यामागचं मला कळत होतं. फोन खराब असेल, शेंदूर भेसळीचा असेल, अकरा बायका वेंधळ्या असतील, पण डोळा बरोबर असलाच पाहिजे. तो चुकला तर ते मशीन बरोबर होतं.

जयंतीला पाच दिवस राहिले तेव्हा विमलाबाई आमच्या मजल्यावर, भावजींकडे आल्या. गुडघे दुखतात म्हणून एरवी त्या पहिल्या मजल्याच्या वर चढत नाहीत, म्हणजे प्रकरण गंभीर. बसल्या, पाणी प्यायल्या आणि सरळ बोलल्या, "तानाजीराव, तुम्ही खपलात, मला दिसतंय. पण देवासमोर मी हे गुलाबी दाखवणार नाही. शुक्रवारपर्यंत शेंदरी झालं तर ब्लॉग. नाहीतर मी भजनं कागदावर छापून घेते. काळ्या शाईत. तिथे काही वाद नाही."

त्या गेल्या. मग मलाच सुचलं.

"भावजी, तुमचा बिस्किटांचा डबा काढा ना."

त्या डब्यात त्यांची नमुन्याची कार्डं आहेत, कारखान्यातून निघताना मागून घेतलेली. एकेका कार्डावर रंगवलेल्या कापडाचा तुकडा, मागे नंबर, आणि प्रत्येक कार्ड वेगळं काळ्या कागदात गुंडाळलेलं. का, तर उजेड लागला की रंग उडतो. काळ्या कागदात वीस वर्षं ठेवलं तरी कार्डाचा रंग हलत नाही, हे व्याख्यान इमारतीतल्या प्रत्येकाने किमान दोनदा ऐकलंय.

सकाळचे अकरा वाजले होते. भावजींनी मागच्या गॅलरीत, उत्तरेच्या उजेडात, शेंदरी कार्ड उलगडलं. बराच वेळ धरून उभे राहिले. जवळ नेलं, लांब नेलं, चष्मा वर केला, खाली केला.

"कार्ड पिवळं पडलंय," ते म्हणाले.

"काळ्या कागदात?" वहिनींनी विचारलं.

चिडवायला म्हणून नाही, साधंच विचारलं.  पण भावजी त्या काळ्या कागदाकडे बघत राहिले. त्याला दोष देता येत नव्हता. त्याची ग्वाही त्यांनी स्वतःच आम्हा सगळ्यांना देऊन ठेवली होती.

थोड्या वेळाने कार्ड त्यांनी माझ्या हातात दिलं. "वहिनी, तुम्हाला हा कसा दिसतो?"

"शेंदरी. देवळातल्यासारखाच."

"कला, तुला?"

"शेंदरीच, अहो."

लग्नाला अडतीस वर्षं झाली. यांनी मला पहिल्यांदाच रंग विचारला, असं वहिनींनी नंतर मला सांगितलं. त्या वेळी मात्र त्या भावजींच्या हातातला काळा कागद घेऊन घडी करत राहिल्या.

भावजी रजिस्टर न उघडताच लॅपटॉपसमोर जाऊन बसले. "तुमच्या वहीत पहिल्या दिवशीचा नंबर असेल ना?"

मी घरी जाऊन वही आणली आणि वाचून दाखवलं. एफएफ, सहासष्ट, शून्य शून्य. पानाच्या पांढऱ्याचाही. त्यांनी ते टाकले, ओळीच्या शेवटी अर्धविराम आहे ना ते बोट ठेवून पाहिलं, आणि सेव्ह केलं. पडद्याकडे मात्र बघितलं नाही, आमच्या तोंडाकडे बघितलं.

"झालं?"

"झालं," आम्ही दोघी म्हणालो.

"मला घाण दिसतोय," ते म्हणाले. "पण राहू दे."

जयंतीला देवळात मोठ्या टीव्हीवर ब्लॉग उघडला. विमलाबाईंनी मूर्तीकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं, पुन्हा मूर्तीकडे पाहिलं आणि पेटीवालीला म्हणाल्या, "काढ सूर." भावजी मागे चपलांच्या रॅकजवळ उभे होते. सगळे येऊन छान, छान म्हणत होते आणि ते प्रत्येकाला विचारत होते, "शेंदरी दिसतोय ना?" परक्याचं काम दाखवावं तसं.

पुढच्याच सोमवारी ते आपणहून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तोही बराच पिकलेला. डॉक्टरांनी सांगितलं की यात सगळं हळूहळू पिवळसर दिसायला लागतं, इतकं हळूहळू की माणसाला पत्ता लागत नाही. घरी आल्यावर भावजींनी तेवढं वाक्य रजिस्टरात लिहिलं. बॅच नंबर घालून.

आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली त्या दिवशी मी साबुदाण्याची खीर घेऊन गेले, तर भावजी खुर्चीत बसून एक डोळा झाकत होते, मग दुसरा. "ही भिंत पांढरी आहे!" मला बघून म्हणाले. "नवीन डोळ्याने पांढरी, जुन्या डोळ्याने चहा सांडल्यासारखी." मग त्यांची नजर वहिनींवर गेली. वहिनींनी मुद्दामच ती साडी नेसली होती, हे मी शपथेवर सांगते.

"ही साडी कुठली?"

"तुम्हीच आणलेली. गेल्याच्या गेल्या दिवाळीला. दुधाच्या सायीच्या रंगाची म्हणून."

"ही जांभळी आहे!"

"फिकी जांभळी," वहिनी म्हणाल्या. "आणि याच्यावर सायीच्या रंगाचाच ब्लाउज शिव, मॅचिंग होईल, असंही सांगितलं होतंत. तीन लग्नांत नेसले."

"मग बोलली का नाहीस?"

"शेड मॅचरला मी काय बोलणार?"

भावजींनी चेहरा हातांनी झाकला. खांदे हलत होते. रडताहेत की काय म्हणून मी खिरीचं भांडं खाली ठेवलं, तर हसत होते. वहिनींनी डोळ्याला हात लावू नका म्हणून ओरडून त्यांचे हात खाली ओढले.

पंधरा दिवसांनी, सकाळी बरोबर अकरा वाजता, आमची बेल वाजली. दारात भावजी, काळा गॉगल लावलेले.

"वहिनी, ती शेंदराची वाटी द्या जरा. तेल घालून."

"तो भेसळीचा आहे ना?"

"द्या हो."

मी वाटी घेऊन मागोमाग गेले. त्यांनी वाटी गॅलरीच्या कट्ट्यावर ठेवली, शेजारी लॅपटॉप, त्याच्या शेजारी कार्ड. गॉगल काढला, डावा डोळा झाकला आणि तिन्हीकडे आळीपाळीने बघितलं. वहिनी आतून हात पुसत आल्या आणि उभ्या राहिल्या. खालून भाजीवाल्याची हाळी येत होती.

"हिरवा जास्त आहे," भावजी म्हणाले. "थोडा. यादीतला नंबर आहे ना तो, आपल्या गणपतीचा नाही." आणि मधल्या ६६ चे ६२ केले.

मी बघितलं. वहिनींनी बघितलं. आम्हाला दोघींनाही काडीचा फरक दिसला नाही.

मंगळवारी देवळात मी मुद्दाम काही सांगितलं नाही. विमलाबाईंनी फोन उघडला, दोन भजनं झाली, तिसऱ्याच्या आधी फोन जरा लांब धरून मूर्तीकडे पाहिलं. "आज काय केलंय गं याला?" त्यांनी मला विचारलं. "आज अगदी आपला दिसतोय."

घरी आल्यावर मी आधी समोरची बेल वाजवली आणि विमलाबाई काय म्हणाल्या ते शब्दन् शब्द सांगितलं.  भावजींनी आत जाऊन रजिस्टर काढलं आणि मला म्हणाले, "दुसरा डोळा पुढच्या महिन्यात आहे. तोवर हाच ठेवा."

म्हणून वहीत लिहून ठेवते. एफएफ ६२ ००.