ढग आहेत, असं मी सांगितलं

सिंगापूरच्या वन-नॉर्थ भागातल्या आमच्या ऑफिसात माझं काम उपग्रहाची चित्रं वाचण्याचं. भात कुठे उभा आहे, कुठे कापला गेला, कुठे पाणी साचलंय, हे रंगांवरून ओळखायचं. मराठवाड्यातून इथे आले तेव्हापासून हेच करतेय.

याच ऑफिसात यंत्रं सांभाळणारे एक म्यानमारचे गृहस्थ होते. पन्नाशीतले, अबोल. सगळे त्यांना अंकल म्हणत, मीही. एकदा पॅन्ट्रीत डबा गरम करताना मी स्वतःशीच बुद्धवंदनेतलं त्रिसरण पुटपुटत होते, तर मागून पुढची ओळ ऐकू आली. पाली तीच, उच्चार मात्र अगदी निराळे. आम्ही दोघंही हसलो. तेव्हापासून जेवायला एकत्र बसू लागलो. माझ्या पीएचडीमुळे ऑफिसात सगळे मला ‘डॉक्टर’ म्हणत, पण त्यांना मी ‘ताई’ हा शब्द शिकवला.

त्यांचं गाव मध्य म्यानमारच्या कोरड्या पट्ट्यात, एका नदीच्या काठी. म्हातारी आई आणि थोरला भाऊ तिथेच राहत होते. यादवी पेटली आणि ते खोरं बंडखोरांच्या बाजूचं ठरलं. मग फौजेची तुकडी निघायची, नदी धरून चालायची, वाटेतलं गाव जाळायची आणि पुढच्या गावाकडे वळायची. अंकल हे सगळं कुणा तिसऱ्याची गोष्ट सांगावी तसं सांगायचे.

जानेवारीतल्या एका सकाळी ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

“ताई, तुमच्या चित्रांत माझं गाव दिसेल?”

“दिसेल की. का?”

“तुकडी नदीच्या कुठल्या काठाने येतेय ते कळायला हवं. भावाचा फोन संध्याकाळीच लागतो, तो टेकाडावर चढला की. आज मी सांगेन तसं तो करणार आहे. नीघ म्हटलं तर आईला घेऊन निघेल.”

मी आदल्या दिवशीचं चित्र उघडलं. आकाश लख्ख होतं. नदीच्या पश्चिमेला एकामागून एक तीन गावं काळी पडली होती. नुसती काळी नव्हेत, घरांचे चौकोन तसेच राहिले होते, आत राख. तिसऱ्यातून अजून धूर निघत होता. त्याच काठावरचं चौथं गाव अंकलचं.

त्या दुपारी परदेशातून पाहुणे यायचे होते. त्यांच्यापुढे नवं यंत्र चालवून दाखवायचं होतं आणि ते अंकलशिवाय कुणालाच जमत नव्हतं. सहा महिन्यांची मेहनत होती आम्हा सगळ्यांची, आणि ते चित्र पाहिल्यावर अंकलचं लक्ष यंत्रावर राहिलं नसतं. शिवाय प्रकल्पाची चित्रं खासगी कामाला वापरायची नाहीत, असाही नियम होता. मी मनाशी हिशेब केला. एका गावाला तुकडी दोन दिवस घेते, म्हणजे उद्या सांगितलं तरी चालेल.

“ढग आहेत, अंकल,” मी म्हटलं. “काही दिसत नाही. उद्या बघते.”

“थँक यू, ताई,” ते म्हणाले आणि कामाला गेले.

यंत्र उत्तम चाललं. पाहुणे खूश होऊन गेले. मी बिशानला घरी आले, जेवायला बसल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने हातातला घास खाली ठेवला.

“अगं, मग आत्ता तरी फोन कर त्यांना!”

मी केला. अंकल म्हणाले, “भावाशी आत्ताच बोललो. भुईमूग खळ्यावर पडलाय म्हणाला. मी म्हटलं, एक दिवस थांब.”

तेव्हाही मी सांगू शकले असते. कदाचित तो पुन्हा टेकाडावर चढला असता, कदाचित नसता. पण सांगितलं तर सकाळी खोटं बोलले हेही कबूल करावं लागणार होतं. “बरं, उद्या बघू,” म्हणून मी फोन ठेवला. नवऱ्याने विचारलं, “सांगितलंस?” मी त्यालाही हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तुकडी गावात शिरली. शेजाऱ्यांनी आईला उचलून ओढ्यात नेऊन लपवलं. भाऊ बैलांची दावी सोडायला मागे फिरला. तीन दिवसांनी लोक परतले तेव्हा तो गोठ्याच्या दाराशी सापडला.

अंकल आठवडाभर आले नाहीत. आले त्या दिवशी पॅन्ट्रीत आम्ही दोघंच होतो. मी बसलेसुद्धा नाही, उभ्याउभ्याच बोलले.

“अंकल, त्या दिवशी ढग नव्हते.”

“माहीत आहे,” ते म्हणाले. “आईने सांगितलं. त्या आठवड्यात तिकडे कडक ऊन होतं.”

“मला माफ करा.”

त्यांनी आपला डबा टेबलावर ठेवला. आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. मग त्यांनी विचारलं, “ते चित्र आहे अजून? गाव जळायच्या आधीचं?”

मी छापून आणून दिलं. नियम मोडला. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि एकेका छपरावर बर्मी अक्षरांत लिहीत मला सांगायला लागले. हे शिक्षकाचं. हे विधवा मावशीचं, तिच्याकडे विहीर होती. इथे मठ. हे आमचं. डबे निवत राहिले, आणि मी समोर बसून एकेक घर ऐकत होते. माफीचा विषय त्यांनी काढला नाही, माझी पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही.

पुढच्या वर्षी त्यांनी सेम्बावांगच्या एका दुरुस्तीच्या कारखान्यात नोकरी धरली. त्यांची आई आता तिकडेच शहरात, त्यांच्या बहिणीकडे असते. बुद्धपौर्णिमेला त्यांचा मेसेज येतो, मीही पाठवते. निरोपाच्या दिवशी त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला होता. त्यात राग नव्हता, याची मला खात्री आहे. पण त्यानंतर त्यांनी मला कधी ‘ताई’ म्हटलं नाही. इतरांसारखं ‘डॉक्टर’च म्हणतात.