पिकअपच्या बोनेटमधलं लिंबू

ग्रुपातल्या पिकअपवाल्यांनो, एक सल्ला पाहिजे.

सकाळी धानाच्या रोवणीच्या बाया मागे बसवून अर्जुनी मोरगावला निघालो. रेल्वे फाटकात, ऐन रुळावर गाडी बंद पडली. जुनी गाडी, बऱ्याच दिवसांपासून अशीच मधूनच बंद पडते अन् थोड्या वेळानं आपोआप सुरू होते. बायांनी उतरून ढकलली. आम्ही पलीकडं पोहोचलो अन् मागे फाटक पडलं.

अर्जुनीच्या मिस्त्रीनं बोनेट उघडलं. "भाऊ, हे कायले बांधलं?"

डिझेल पंपाच्या वायरला लिंबू-मिरच्यांचा झुपका लटकत होता. गाडी उसळली की तो झुलायचा, वायर ओढली जायची, डिझेल बंद. मिस्त्रीनं तो काढला, वायर घट्ट बसवली.

घरी मायला विचारलं.

"गाडी बंद पडते म्हणून तं दर शनिवारी बांधून राहिली ना!"

समजावून सांगितलं.

आत्ता जेवताना माय म्हणते, "फाटकावर वाचले तुम्ही, ते त्याच्यानंच. तू आंघोळीले गेला तवा नवं बांधलं."

"कुठं?"

"सांगितलं तं काढशीन."

टॉर्च घेऊन सगळी गाडी पाहिली, सापडलं नाही. उद्या पुन्हा त्याच बाया, तेच फाटक. तुम्ही गाडी काढाल काय?