फरशीखालचा गारवा

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी आम्ही सोलापुरात, पूर्व भागात, दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. नवरा यंत्रमागावर टॉवेल विणायचा आणि मी घरी शाळेचे गणवेश शिवायची. खोल्या एकामागे एक, वर पत्रा, खाली शहाबादी फरशी. आतल्या खोलीची मागची भिंत चांगली हातभर जाडीची, दगडी. तिच्या पलीकडे घरमालकिणीचं स्वयंपाकघर. त्या साठी ओलांडलेल्या, तेलुगू बोलणाऱ्या, नवरा गेल्यापासून एकट्याच राहणाऱ्या. सगळी गल्ली त्यांना अम्मा म्हणायची, मग आम्हीही तेच म्हणू लागलो.

खोल्या दाखवताना त्यांनी एकच गोष्ट बजावली. "आतल्या खोलीत काही कुटायचं नाही, ठोकायचं नाही. खलबत्ता बाहेरच्या खोलीत ठेव."

"का हो?"

"फरशी जुनी आहे."

मी खलबत्ता बाहेर ठेवला आणि ते विसरून गेले.

पत्र्याखाली उन्हाळा काढणं काय असतं हे मला त्याआधी माहीत नव्हतं. मार्च संपता संपता शिलाई मशीनच्या लोखंडाला हात लावला की चटका बसायचा. कूलर परवडणारा नव्हता, आणि पाणीही हवं तेवढं नव्हतं, कारण नळ रोज येत नाही. म्हणून जे जमेल ते केलं. पत्र्याला चुन्याचे दोन हात दिले. जुन्या साड्या दुहेरी शिवून दाराखिडक्यांना पडदे लावले. खिडकीवर पोतं टांगलं आणि भांडी विसळलेलं पाणी टाकून न देता त्या पोत्यावर मारायला लागले. तांदूळ धुतलेलं पाणी दुपारी फरशीवर शिंपडायचं. एवढं करूनही बारा वाजले की डोकं उकडून निघायचं.

एप्रिलमध्ये मामा आले. मामा म्हणजे माझे सासरे. मंगळवेढ्याकडचे ज्वारी पिकवणारे कोरडवाहू शेतकरी. सासूबाई त्याच हिवाळ्यात गेल्या होत्या आणि शेत पुतण्या बघत होता. ओळखीच्या टेम्पोतून ते कडब्याच्या पेंढ्या घेऊन आले. स्वतः शिडी चढून त्यांनी त्या पत्र्यावर अंथरल्या, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर दगड ठेवले, आणि राहिले. बोलणं असं नव्हतंच त्यांचं. दिवसाचे दहा शब्द झाले तरी खूप.

पहिल्याच दिवशी ते अनवाणी दोन्ही खोल्यांत फिरले, रान बघितल्यासारखं, सावकाश. आतल्या खोलीत मागच्या भिंतीपाशी थांबले.

"हितं गार हाय," म्हणाले.

मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचे पाय, काहीतरी वाटलं असेल. पण मी पाय ठेवला तर खरंच, ओल्या फडक्यावर ठेवल्यासारखा वाटला. एक पाऊल बाजूला सरकले तर फरशी तापलेली. पुन्हा आत, गार. मग मी खडू आणला, कापडावर खुणा करायचा तो, आणि पायानं चाचपत जिथं गारवा संपतो तिथं खूण करत गेले. खुणा जोडल्या आणि उठून पाहिलं. अर्धं वर्तुळ झालं होतं, चांगलं रेखीव. दोन्ही टोकं भिंतीला जाऊन भिडली होती.

मामांनी ते बराच वेळ पाहिलं.  आपली घोंगडी त्या अर्ध्या वर्तुळात टाकली आणि आडवे झाले. त्या दिवसापासून दुपारभर त्यांची जागा तीच, आणि शिवण आटोपली की त्यांच्या पायथ्याशी माझीही.

पुढं माझ्या एक गोष्ट लक्षात आली. फरशीवर शिंपडलेलं पाणी बाकी सगळीकडे पसरायचं आणि वाळायचं. त्या भागात मात्र ते सांध्यांतून आत जायचं आणि दिसेनासं व्हायचं. एकदा मशीन बंद असताना मी शिंपडलं आणि तशीच बसून राहिले. श्वास घ्यावा, सोडावा, इतका वेळ गेला. मग खालून, खूप खालून, थेंब पडल्याचा आवाज आला. मग दुसरा. आम्ही ज्याच्यावर झोपत होतो त्याच्याखाली जमीन नव्हती.

मी नवऱ्याला सांगितलं. तो मागाच्या खडखडाटातून आलेला, कान बधिर झालेले. म्हणाला, "जुना आड असेल बुजवलेला. गार आहे ना, झोपा की."

मग एका दुपारी मी बटणपट्टी लावत बसले होते आणि मामा भिंतीकडे तोंड करून पडले होते. ते झोपलेत असं मला वाटत होतं. अचानक ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "जेवलो की."

मला वाटलं मला म्हणाले. पण मी काही विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशीही तसंच, साधारण त्याच वेळेला. "व्हय, जेवलो." तिसऱ्या दिवशी, "आज भाकर न्हाय, भात केलता."

नवरा म्हणाला, "आई गेल्यापासून बोलत असतील एकटेच. बोलू दे."

एकदा दुपारी मामा दाढी करायला गेले होते तेव्हा मी त्यांच्या जागी आडवी झाले आणि कान फरशीला लावला. आधी काहीच नव्हतं, फक्त माझ्याच कानातली धडधड. मग दोर घासल्याचा आवाज आला. खाली काहीतरी पाण्याला टेकलं. आणि मग माणसाचा आवाज आला, बुजलेला, दबका, काहीतरी विचारल्यासारखा शेवटी चढणारा. शब्द कळले नाहीत. माझ्या गालाखालची फरशी बर्फासारखी होती आणि मला घाम फुटला होता.

त्या दिवशी मी मशीन ओढत बाहेरच्या खोलीत आणलं. उरलेली दुपार उन्हाच्या झळा घेत तिथंच बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन मशीनवर डोकं टेकलं, तेव्हा मुकाट्यानं आत जाऊन त्या अर्ध्या वर्तुळात पडले. भीती वाटायची, पण पत्र्याखाली दुसरी गार जागा नव्हती. मामा काहीतरी बोलायचे आणि मी डोळे मिटून ऐकायची.

महिनाभरानं अम्मा दारात आल्या. हातात स्टीलची कडीची बरणी. बरणीवर बाहेरून पाण्याचे थेंब जमले होते. "ताक कर, उन्हाचं," म्हणाल्या. मी बरणी घेतली आणि दचकले. दही इतकं गार होतं की बोटं आखडली. अम्मांकडे फ्रिज नव्हता हे मला माहीत होतं.

"अम्मा, हे एवढं गार कसं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "ये."

त्यांच्या स्वयंपाकघरात, आमच्या भिंतीला लागून, जमिनीत एक लाकडी झाकण होतं. त्यांनी ते उचललं. खाली दगडी बांधकामाची गोल विहीर. आतून थंड, शेवाळलेला वास वर आला. एका लोखंडी कडीला दोर बांधलेला होता आणि त्याच्या टोकाला खाली पाण्यालगत टोपली लोंबत होती. दूध, दही, कोथिंबीर, सगळं तिच्यात. आणि विहिरीचा निम्मा गोल भिंतीखालून आमच्या खोलीखाली गेला होता.

"आधी हे अंगण होतं," अम्मा म्हणाल्या. "नळ आल्यावर आमच्यांनी विहिरीवर लोखंड टाकून फरशी घातली, भाड्याच्या खोल्या काढल्या. एवढं झाकण ठेवलं. कारखान्यातून आले की ते याच्याशेजारी झोपायचे. मी दही खाली सोडता सोडता विचारायची, अन्नम तिन्नारा? जेवलात का? सवय लागली. ते गेल्यावरही मी विचारतेच."

मी मान हलवली. आवाज कुणाचा ते आता कळलं होतं आणि मला हलकं वाटत होतं. तेवढ्यात त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "या उन्हाळ्यापासून ते उत्तर द्यायला लागलेत."



"जन्मभर घरात तेलुगू बोलले. आता मराठी बोलतात. गावाकडचं. कारखान्यात तसली माणसं असायची त्यांच्याबरोबर." त्या विहिरीत बघत होत्या. "तिकडं कोण कुणाबरोबर राहतं, काय माहीत."

माझ्या ओठावर आलं होतं, पण मी बोलले नाही. दही घेऊन घरी आले. मामा घोंगडीवर बसले होते. मी त्यांना विहिरीचं आणि अम्मांच्या प्रश्नाचं सांगितलं.

"बाईमानसाचा आवाज हाय, भितीपल्याड बाई ऱ्हाती," ते म्हणाले. "मला कळत न्हाय व्हय?"

"मग उत्तर कशाला देता?"

"इचारत्यात म्हणून."

"पण ते तेलुगू. तुम्हाला काय कळतं त्यातलं?"

"दुपारच्याला मानूस दुसरं काय इचारनार? जेवला का, हेच की. आन जेवला का म्हनून इचारल्यावर गप कसं बसायचं?"

"मामा, त्यांना वाटतंय त्यांचे मालक बोलतात."

हे मात्र त्यांना माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला. उठले, घोंगडी गुंडाळली आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आत शिवत होते. दोर घासला. मग प्रश्न आला. मग शांतता. पुन्हा प्रश्न, जरा मोठ्यानं. पुन्हा. मी मशीन थांबवलं होतं. बाहेर मामा डोक्यावर ओला टॉवेल घेऊन ताठ बसलेले, नजर समोर. त्यांनी ऐकलं होतं. चार दिवस हेच चाललं, आणि प्रत्येक दिवशी प्रश्न आणखी थोड्या जास्त वेळा यायचा.

पाचव्या दिवशी अम्मा अक्कलकोटला बहिणीकडे गेल्या. आठ दिवस येत नाही म्हणाल्या. जाताना त्यांनी दाराला कुलूप लावलेलं मी पाहिलं. मला सुटल्यासारखं झालं. मामांना म्हणाले, आता आत या, बाहेर फार तापतंय. ते आले.

तिसऱ्या की चौथ्या दुपारी आम्ही दोघं आतच होतो. मी सुईत दोरा ओवत होते. फरशीखाली दोर घासल्याचा आवाज आला. मामांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. काहीतरी पाण्याला टेकलं. मग तो आवाज, शेवटी चढणारा.

मी तशीच उठले, चप्पल न घालता बाहेर पडले आणि घराला वळसा घालून अम्मांच्या दाराशी गेले. गल्ली उन्हानं ओस पडलेली. कुलूप होतं तसंच होतं. हात लावला तर पोळलं. खिडक्या आतून बंद. तळपाय भाजत होते तरी मी कान देऊन उभी राहिले. आतून काही हालचाल नव्हती.

परत आले तर मामा फरशीवर हात टेकून बसले होते. आवाज पुन्हा आला. मामा अगदी हळू म्हणाले, "जेवलो की."

त्यानंतर काही आलं नाही. त्या दिवशी नाही आणि अम्मा येईपर्यंतही नाही.

अम्मा परत आल्यावर मी जाऊन त्यांना मामांबद्दल खरं काय ते सांगितलं. मधल्या त्या दुपारचं मात्र सांगितलं नाही.  मला वाटलं आता घर सोडायला सांगतात.

"वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "आमच्यांच्या मराठीत 'की' कधी यायचं नाही."

"मामांना फार वाईट वाटलं, अम्मा. त्यांना फसवायचं नव्हतं."

"त्यांना सांग, वाईट वाटून घेऊ नका. जेवलात का ते मी आता दारातूनच विचारीन."

आणि त्यांनी खरंच विचारलं. दुपारी येता जाता दाराशी थांबून, मराठीत. मामा आतून जेवलो म्हणायचे. दोघंही एकमेकांकडे बघायचे नाहीत.

जूनच्या आरंभी, पाऊस अजून लांब होता, मामा उठून बसताना त्यांच्या हाताखालची फरशी कडकन तडकली. गवंडी बोलावला. त्यानं अम्मांच्या झाकणातून उतरून बॅटरीनं वर पाहिलं आणि लगेच वर आला. लोखंड गंजून गंजून बोटाएवढं उरलं होतं. "ह्याच्यावर झोपत होता तुम्ही?" एवढंच म्हणाला. आम्ही ती खोली त्याच दिवशी रिकामी केली. अम्मांनी टोपली वर ओढून घेतली, दोर सोडला, आणि मग दोन दिवस विहिरीत मुरूम पडत राहिला. पहिल्या घमेल्यांचा आवाज पाण्यात पडल्याचा होता. नंतर तो कोरडा झाला.

मामा गावी परतले. पुढच्या उन्हाळ्यात ती जागा इतर फरशीसारखीच तापली. आम्ही जुना, दुरुस्त केलेला कूलर घेतला, आणि त्याच्यासाठी पाणी कुठून आणायचं ही नवी काळजी सुरू झाली.

एका दुपारी अम्मा त्या कूलरसमोर येऊन बसल्या होत्या. विषय निघाला नव्हता, तरी मी मनात वर्षभर ठेवलेलं बोलून गेले. अक्कलकोटचे आठ दिवस, तो दोर, ते कुलूप. "तुमच्या घराची किल्ली आणखी कुणाकडे होती का?"

"एकच आहे. माझ्या कनवटीला होती." त्या जराही दचकल्या नाहीत. थोड्या पुढे वाकून म्हणाल्या, "आवाज बाईचा होता की पुरुषाचा?"

मी सांगायला तोंड उघडलं. पुष्कळ आठवून पाहिलं. मला सांगता येईना.

अम्मा थोडा वेळ वाट बघत बसल्या. मग कूलरमध्ये पाणी कमी झालंय म्हणून त्याच उठल्या, घरून अर्धी बादली घेऊन आल्या आणि त्यात ओतली.