क्लॅरीच्या मानेवरची गोचीड

क्लॅरी ट्रेव्हॅरोच्या मानेवर गोचीड बसलीय, हे पहिल्यांदा डेसला दिसलं. शनिवारची सकाळ, आमच्या गावच्या बोलिंग क्लबच्या हिरवळीवर गोळे घरंगळवायचा सामना चालू होता आणि क्लॅरी गुडघा वाकवून गोळा सोडायच्या बेतात होता. डेस त्याचा खेळातला जोडीदार. तो मागे उभा होता. क्लॅरीच्या डाव्या कानामागे, केस सरकले होते तिथे, टपोरा काळा ठिपका.

"हलू नकोस," डेस म्हणाला. "चांगली फुगलीय."

क्वीन्सलँडच्या या किनाऱ्यावर गोचीड चिकटणं म्हणजे काही नवल नाही. डेसनं क्लबच्या औषधपेटीतला चिमटा आणला, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि ओढायला लागला. गोचीड सुटेना. क्लॅरी कळवळला तेव्हा डेसनं त्याला समजावलं की डोकं आत रुतलंय, जरा सोसावं लागेल. विरुद्ध बाजूचे दोघंही मदतीला आले. एकानं मान धरली, दुसऱ्यानं सल्ले दिले. शेवटी रक्त यायला लागलं, तशी क्लॅरीची बायको नोला चहाचा कप ठेवून उठली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "अरे गाढवांनो, हिला पाय कुठायत?"

मी या गावात औषधांचं दुकान चालवते. ट्रेव्हॅरो माझे शेजारी. माझं नाव वृंदा, पण क्लॅरीनं पहिल्याच दिवशी ते ब्रेंडा करून टाकलं आणि मीही वाद घातला नाही. आयुष्यभर तो साखर कारखान्याच्या ऊसगाडीचं इंजिन चालवायचा. बिनबाह्यांचा बनियन, अर्धी चड्डी, डोक्याला काही नाही. सनस्क्रीन ही ब्रिस्बेनहून सुट्टीला येणाऱ्या लोकांनी लावायची वस्तू, असं त्याचं पक्कं मत. हात जुन्या चामड्याच्या बॅगेसारखे झाले होते. दर सहा महिन्यांनी गावातला डॉक्टर त्याच्या अंगावरचे उन्हानं उठलेले दोन-चार डाग गोठवून टाकायचा. क्लॅरी त्याला सर्व्हिसिंग म्हणायचा. पण त्या तपासणीला तो कान झाकतील एवढे केस वाढवून जायचा, कारण न्हाव्याकडे जायचं म्हणजे बंडाबर्ग शहरापर्यंत गाडी काढा.

त्या रक्ताळलेल्या ठिपक्याचं नाव निघालं मेलॅनोमा, म्हणजे कातडीचा कॅन्सर. तो कापला, मानेवर कुल्ल्याचं कातडं लावलं. क्लॅरी सगळ्यांना सांगत सुटला की आता मला मानेवर बसता येतं. पुढे काही महिन्यांनी मानेत गाठ आली आणि फुप्फुसातही बारीक डाग दिसले. मग त्यानं तो विनोद सोडला.

डॉक्टरांनी सलाईनमधून द्यायचं एक नवं औषध सुचवलं, तेव्हा त्यांची मुलगी लीअ‍ॅन ब्रिस्बेनहून आली. शहाणी, जबाबदार बाई. स्वयंपाकघरात टेबलाभोवती आम्ही चौघं बसलो होतो, मधे नोलानं केलेले स्कोन, जॅम लावून खायचे छोटे पाव.

"बाबा, तू चौऱ्याऐंशीचा आहेस," लीअ‍ॅन म्हणाली. "ते औषध शरीराच्या प्रतिकारशक्तीला कामाला लावतं म्हणे. तुझ्याकडे आता प्रतिकारशक्ती उरलीय कुठे? उगाच हाल कशाला?"

"माझ्याशी साठ वर्षं प्रतिकारच चाललाय त्याचा," नोला म्हणाली. "आणखी जॅम हवाय का?"

"आई, मी गंमत करत नाहीये."

"मीही नाही."

क्लॅरीनं बशी बाजूला सारली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ब्रेंडा, तू औषधवाली आहेस. सैन्य म्हातारं झालं, तर लढाईला पाठवतात का?"

मी म्हटलं, मला ठाऊक नाही, जाऊन विचारू या. मला खरंच ठाऊक नव्हतं.

बंडाबर्गच्या इस्पितळात डॉक्टर हेनेसी म्हणून एक तरुण बाई होत्या. क्लॅरीला त्या त्याच्या नातीएवढ्या वाटल्या, म्हणून सुरुवातीला तो नोलाकडे बघूनच बोलत होता. लीअ‍ॅननं आपला प्रश्न विचारला. हेनेसीबाईंनी तो नीट ऐकून घेतला.

"तुमचं अर्धं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "वयानं प्रतिकारशक्ती मंदावते. म्हणूनच फ्लूची लस म्हाताऱ्यांना जास्त जोराची द्यावी लागते. कातडीतले पहारेकरीही ढिले पडतात, म्हणून हा रोग उतारवयात जास्त होतो. पण या औषधापुरतं बघितलं, तर वयस्कर माणसं तरुणांपेक्षा मागे पडत नाहीत. काही पाहण्यांमध्ये तर त्यांना जास्त गुण आलाय."

"ते कसं काय?" क्लॅरीनं पहिल्यांदाच त्यांच्याकडे थेट बघितलं.

"नक्की कुणालाच माहीत नाही. एक अंदाज आहे. शरीरात लढणाऱ्या पेशी असतात, तशा त्यांना आवरणाऱ्याही असतात. पुरे झालं, शांत व्हा, असं सांगणाऱ्या. वयस्कर माणसांच्या गाठीत या आवरणाऱ्या पेशी कमी सापडल्यात."

क्लॅरीनं विचार केला. "म्हणजे भांडण सोडवणारे मरून गेलेत."

"असं म्हणायला हरकत नाही."

"नोला, ऐकलंस? क्लबासारखं झालंय. अर्नी आणि फादर डूली गेल्यापासून कुठलं भांडण मिटलंय का आमच्यात?"

डॉक्टरबाई हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. खात्री कुणालाच देता येत नाही, निम्म्याहून अधिक लोकांना पूर्ण गुण येत नाही, हेही त्यांनी सांगितलं. शिवाय एकदा चिडलेली प्रतिकारशक्ती घरच्यांवरही उलटते. कातडी, आतडी, थायरॉइड, काहीही. "जुलाब झाले तर त्याच दिवशी फोन करायचा. लाजायचं नाही."

"मी कशाला लाजतोय?" क्लॅरी म्हणाला.

सलाईन सुरू झालं. ठरलेल्या दिवशी नोला त्याला गाडीनं न्यायची, वाटेत दोघांची रस्त्यावरून भांडणं व्हायची, आणि परतताना मासे-बटाटे खाऊन यायची. दोन महिने फक्त खाज सुटली. अंगणातल्या आंब्याला पाठ घासत उभा असायचा तो, म्हशीसारखा. मी मलम दिलं, ते त्यानं निमूट लावलं. माझ्या दुकानातलं काहीतरी त्यानं अंगाला लावल्याची ही पहिलीच वेळ.

मग आली जोडी स्पर्धेची अंतिम फेरी. क्लॅरी आणि डेस तिथपर्यंत पूर्वी कधीच पोचले नव्हते. सामना निम्म्यावर आला आणि क्लॅरी म्हणाला, आलोच. परत आला, एक गोळा टाकला, पुन्हा आलोच. चौथ्या खेपेला विरुद्ध बाजूच्या केव्हिननं पंचांकडे रीतसर तक्रार केली की हा मुद्दाम लय बिघडवतोय.

"माणसानं लघवीलाही जाऊ नये का?" डेस म्हणाला.

"दहा-दहा मिनिटं लघवी?" केव्हिन म्हणाला.

पंचांनी नियमांचं पुस्तक मागवलं. त्यात शौचालयाबद्दल काही नव्हतं. नोला बाकावरून हे ऐकत होती. ती उठली, हिरवळीवर गेली, सॅंडल घालून, जे त्या क्लबात कोणी करत नाही.

"क्लॅरी, किती दिवस झाले?"

"कशाला?"

"मला सगळ्यांसमोर तो शब्द बोलायला लावू नकोस."

"परवापासून," क्लॅरी पुटपुटला. "पण काल मी कोळंबी खाल्ली होती."

"परवाचे जुलाब कालच्या कोळंबीनं?"

यावर डेस, केव्हिन आणि पंच तिघंही क्लॅरीकडे बघत राहिले. नोलानं त्याच्या हातातला गोळा घेतला, डेसच्या हातात दिला आणि त्याला दंड धरून गाडीपाशी नेलं. सामना सोडल्यात जमा झाला. केव्हिननं नंतर सांगितलं की असा चषक घेताना त्याला बरं वाटलं नाही, पण घेतला त्यानं.

इस्पितळात निदान झालं, आतड्यांवर उलटलेली प्रतिकारशक्ती. चार दिवस ठेवून घेतलं. परिचारिका त्याला बरंच बोलली. आणखी दोन दिवस लपवलं असतं तर आतडं फाटलं असतं, हे डॉक्टरबाईंनी अगदी शांतपणे सांगितलं, आणि त्या शांतपणानं क्लॅरी जास्त घाबरला. मी भेटायला गेले तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. "सामना हरलो म्हणून नाही गं," तो म्हणाला. "नोला गाडी चालवताना रडत होती. तिला वाटलं, मला दिसलं नाही."

चिडलेली प्रतिकारशक्ती शमवणाऱ्या स्टिरॉइडच्या गोळ्या घेऊन तो घरी आला, आणि मग जे झालं ते गल्लीला विसरता येणार नाही. भूक अशी की सकाळी सहा अंडी. अंगात एवढी शक्ती, की त्यानं कुंपण रंगवलं, आमचंही रंगवलं, न विचारता, हिरवं. नोला बाजारात गेली असताना तिच्या जास्वंदीची छाटणी केली. ती परतली तेव्हा अंगणात फक्त खुंट होते.

"कॅन्सरच्या गाठी हाती लागत नाहीत, म्हणून माझ्या झाडांवर घसरलास?" ती म्हणाली.

"वाढ फार होती."

"आत जाऊन बस. कात्री माझ्याकडे दे."

आतड्यांच्या त्या प्रकारानंतर सलाईन बंद केलेलं होतं. लीअ‍ॅन फोनवर म्हणायची, संपलंच मग. पण गोळ्या कमी होत गेल्या तसे क्लॅरीच्या त्या चामड्यासारख्या हातांवर पांढरे ठिपके उमटायला लागले. ठिपक्यांचे डाग झाले, एक भुवई पांढरीशुभ्र झाली. क्लबात डाव्या हातावरच्या डागाचा आकार टास्मानियाचा आहे की न्यूझीलंडच्या खालच्या बेटाचा, यावर दोन गट पडले. क्लॅरी माझ्या दुकानात आला आणि काउंटरवर दोन्ही हात पसरून म्हणाला, "हे काय नवीन?"

मी त्याला म्हटलं, बाईंना दाखव, घाबरू नकोस. कातडीला रंग देणाऱ्या पेशींतूनच हा रोग उठतो, आणि सैन्य त्या पेशींवर तुटून पडलं की कातडीही पांढरी होते. पुष्कळदा ती चांगली खूण असते. मी पुष्कळदा हा शब्द दोनदा उच्चारला.

पुढच्या तपासणीला लीअ‍ॅनही आली. पडद्यावर हेनेसीबाईंनी आधीचं चित्र लावलं, मग नवं. मानेतली गाठ वाटाण्याएवढी उरली होती. फुप्फुसातले डाग नव्हते. औषध थांबवूनही प्रतिकार चालूच होता.

लीअ‍ॅन रुमाल शोधायला लागली. नोलानं तिला आपला दिला, आणि बापानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, चितकबरा.

"किती वर्षं धरायची मी?" क्लॅरीनं विचारलं.

"ते नाही सांगता येत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "लक्ष ठेवत राहू. पण आता मला तुमच्या रक्तदाबासारख्या साध्या गोष्टींचीही काळजी करायला वेळ आहे, आणि ते बरं लक्षण आहे."

परतताना नोलानं बंडाबर्गात गाडी फर्निचरच्या दुकानापाशी थांबवली. कित्येक वर्षं त्यांची गादी मधे खचलेली होती, दोघंही खड्ड्यात घरंगळायची. विक्रेत्यानं दोन गाद्या दाखवल्या. एकीला पाच वर्षांची हमी, दुसरीला दहा. क्लॅरी दोन्हींवर बूट काढून आडवा झाला, डोळे मिटून बराच वेळ पडून राहिला. विक्रेता चुळबुळ करायला लागला.

"झोपलास की काय?" नोलानं विचारलं.

"विचार करतोय," क्लॅरी म्हणाला. "दहावाली जरा कडक आहे."

"बसेल हळूहळू," नोला म्हणाली आणि पर्स उघडली.