सीताफळाचा ब्रशवाला

मी एका भल्या माणसाला फुलचोर म्हटलं. आमच्या अकोल्यात पहाटे देवपूजेसाठी दुसऱ्याच्या अंगणातली फुलं तोडणारे पुष्कळ. पण सीताफळाची हिरवी फुलं कोणत्या देवाला चालतात, हा प्रश्न मला सुचलाच नाही. आमच्या कुंपणाशी उभा तो म्हातारा रंगाच्या ब्रशानं एका फुलातले पराग दुसऱ्या फुलात भरत होता.

“घर इकून फ्लॅटात गेलो, भाऊ. झाडं गेली, पण हाताची सवय जात नाई,” तो ओशाळून म्हणाला.

कधीच फळ न धरणारं आमचं ते झाड माझी बायको तोडायच्या बेतात होती. दिवाळीला फळांनी फांद्या वाकल्या. तेव्हापासून आमचं फाटक त्याच्यासाठी उघडंच असतं.

यंदा मीही ब्रश घेतला आणि पहिलंच फूल देठासकट खाली पाडलं.

त्यानं ब्रश काढून घेतला. “राहू द्या, भाऊ. हे काम किड्यायचं हाय. तुमच्यापेक्षा किडे हुशार.”